पान ३१

परवा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला : 'दुसऱ्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन काकांनी नुसतं पुस्तक वाचून दुरुस्त केलं. काकांना सलाम!' खाली तेवीस अंगठे. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा.

मशीन माझं. फरशीवर पालथी पडून, मशीनच्या भोकावर तळहात दाबून, पाऊण तास डोंबिवलीचा पाणीपुरवठा रोखून धरणारी बाई मी. अंगठे काकांना.

झालं एवढंच, की मंगळवारी मशीन पोटात पाणी घेऊन मधेच थांबलं. पडद्यावर एक अक्षर आणि दोन आकडे लुकलुकायला लागले. दार कुलूपबंद, आत दोन चादरी गटांगळ्या खातायत. सर्व्हिसवाल्यांना फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पंप असेंब्ली बदलावी लागेल. बत्तीसशे. व्हिजिटचे साडेचारशे वेगळे. माणूस उद्या दहा ते सहाच्या मधे कधीही येईल."

"न बघताच बदलावी लागेल?"

"कोडच तसा आहे, मॅडम."

माझा ताप काढायलाही डॉक्टर निदान थर्मामीटर लावतात. मी फोन ठेवला आणि मॅन्युअल शोधायला घेतलं.

ते सापडायला अजिबात त्रास झाला नाही, कारण ते कपाटात वरच्या खणात, त्या चार बोल्टांच्या पिशवीत होतं. फ्रंट लोड मशीन घरी येतं तेव्हा प्रवासात ड्रम हलू नये म्हणून मागून चार लांबलचक बोल्ट ठोकलेले असतात. बसवणारा ते काढतो आणि आपल्या हातात देतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, जपून ठेवा. त्या अख्ख्या पुस्तकातली ही एकच सूचना आमच्या घरात पाळली गेली आहे. सहा वर्षं. माझ्या मंगळसूत्राची वाटी एकदा दोन दिवस सापडत नव्हती. बोल्ट कधीही विचारा.

पुस्तक चव्वेचाळीस पानांचं. पहिली अकरा पानं धोक्याच्या सूचना : मुलांना ड्रममध्ये बसू देऊ नये, ओल्या हातानं प्लगला हात लावू नये, यंत्रावर उभं राहू नये. (कोण राहतं?) मग बिघाडांचा तक्ता. 'यंत्र सुरू होत नाही' याच्यासमोर 'प्लग लावला आहे का ते पाहावे.' 'पाणी आत येत नाही' याच्यासमोर 'नळ उघडा आहे का ते पाहावे.' थोडक्यात, तुम्ही मूर्ख आहात का ते पाहावे. आणि नसाल, तर शेवटच्या रकान्यात अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा. म्हणजे पुन्हा तो बत्तीसशेवाला.

पण 'पाणी बाहेर जात नाही' याच्यासमोर चक्क उपयोगाचं लिहिलं होतं : खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडा, फिल्टर डावीकडे फिरवून काढा, साफ करा. पुढे कंसात 'पान ३१ पाहा' असं होतं. मी पान ३१ पाहिलं नाही. एवढं सोपं वाक्य समजायला आणखी पान कशाला?

फिल्टर अर्धा फिरला आणि पाणी आलं. मशीन आणि फरशी यांच्यात जेमतेम ताटली सरकते. ताटली भरायला चार सेकंद लागतात आणि रिकामी करायला वीस. मी गणितात बरी होते, त्यामुळे काय होणार ते लगेच कळलं. फिल्टर परत बसवायला गेले तर आट्यांत काहीतरी अडकलेलं, तो फिरेना. शेवटी काढून फेकला आणि भोकावर फडकं धरून तळहात दाबला.

नेमके तेव्हाच काका आले. ते रोज साडेदहाला आमचा पेपर न्यायला येतात. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी तेहेतीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काम केलं. सदऱ्याच्या खिशात अजून लाल पेन असतं. आमचा पेपर संध्याकाळी परत येतो तो तपासलेल्या उत्तरपत्रिकेसारखा.

"काका, ते पुस्तक घ्या! मराठीत आहे. फिल्टरचं वाचा, पटकन!"

काकांनी चष्मा लावला, चपला पाण्याबाहेर काढून ठेवल्या, स्टुलावर बसले आणि पहिलं पान उघडलं.

"'अभिनंदन! आपण आमचे यंत्र निवडलेत याबद्धल...' बद्धल? द-ला ध? अगं, हे कोणी छापलं?"

"काका, पान एकतीस!"

"येतो, येतो. संदर्भ सोडून वाचलं की अर्थाचा अनर्थ होतो." पान उलटलं. "'कताई चालू असताना दार उघडू नये.' कताई? सूत कातायचं मशीन आहे का हे?"

"स्पिन असेल ते! हिंदीतून आलं असेल! काका, पाणी!"

"'सायकल पूर्ण झाल्याशिवाय कपडे काढू नयेत.'" इथे काका थांबले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे वाक्य छापायच्या आधी एकानंही मोठ्यानं वाचलं नसेल?"

माझ्या कोपरापर्यंत पाणी. गाऊन भिजलेला. शेजारी फोन वाजतोय, नवऱ्याचा. काकांनी तो उचलला. "हो हो, मी आहे इथे, काळजी नको," असं म्हणाले आणि ठेवला. अंगठा बहुधा त्या वाक्याला होता.

मग लाल पेन निघालं. मी डोळ्यांनी पाहिलं, काकांनी 'बद्धल' खोडून समासात 'बद्दल' लिहिलं आणि त्याभोवती नीट गोल केला. माझा तळहात बधिर होत चालला होता आणि हा माणूस मशीनच्या मॅन्युअलची दुसरी आवृत्ती काढत होता.

"'बाल कुलूप'," काका म्हणाले. "बरं आहे हे. गोड आहे. राहू दे."

लहानपणी आमच्याकडे आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. मागचा पुठ्ठा काढला की आत त्याचा नकाशा चिकटवलेला असायचा : कुठली तार कुठे जाते, कुठला व्हॉल्व्ह कुठला. आजोबांना तो कळत नसे, पण नाक्यावरच्या रेडिओवाल्याला कळायचा, आणि आजोबा त्याच्या खांद्यावरून बघत बसायचे. विकणाऱ्यानं वस्तूचं पोट उघडं करून दाखवलं होतं. आता पोट उघडलंत तर वॉरंटी रद्द. अकरा पानं 'करू नका', आणि 'असं करा' सहा ओळींत, तेही कताईच्या भाषेत. त्या रात्री चिडून मी शोधत बसले. आपल्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी, म्हणजे आपली वस्तू आपल्याला दुरुस्त करता यावी म्हणून, समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात त्याचं पोर्टलही सुरू केलं. युरोपात मार्च २०२१ पासून कंपन्यांना वॉशिंग मशीनचे सुटे भाग, मॉडेल बाजारातून गेल्यावरही, किमान १० वर्षं द्यावे लागतात. कॅलिफोर्नियात दोन कॉलेजच्या पोरांना लॅपटॉप दुरुस्त करायला मॅन्युअल मिळेना, म्हणून त्यांनी २००३ मध्ये 'आयफिक्सइट' ही वेबसाइट काढली. आता तिथे हजारो यंत्रांची पोटं फोटोसकट फुकट उघडी आहेत. हे सगळं छान आहे. पण माझ्या मशीनचा पंप न बघता बदलणारा मुलगा अजून त्याच फोनवर बसलेला आहे, आणि तो चुकला होता हे त्याला सांगायला मी परत फोन केला तर अकरा मिनिटं सतार ऐकवली.

असो. काका पान ३१ वर पोचले तेव्हा पाण्यानं दिवाणखान्याची कड गाठली होती.

"'फिल्टर काढण्यापूर्वी,'" काकांनी सावकाश वाचलं, "'शेजारील काळी नळी बाहेर ओढावी, तिचे बूच काढावे व सर्व पाणी भांड्यात काढून घ्यावे.' आहे का गं तिथे काळी नळी?"

होती. झाकणाच्या आत, फिल्टरच्या शेजारी, करंगळीएवढी, व्यवस्थित गुंडाळलेली. सहा वर्षं तशीच.

"'काढण्यापूर्वी'," काका पुन्हा म्हणाले. "पूर्वीतला पू दीर्घ. बरोबर छापलाय."

मी त्यांना काहीही बोलले नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. एव्हाना मशीनमधलं पाणी स्वतःच्या गतीनं संपतच आलं होतं. आत चाचपलं. एक रुपयाचं नाणं, माझी केसांतली पिन, लेकीचा एक पायमोजा आणि सफारीचं एक पितळी बटण निघालं. आमच्या घरात सफारी कोणीही घालत नाही. बटण काकांनी उन्हाकडे धरून पाहिलं आणि खिशात टाकलं. फिल्टर बसवला, मशीन लावलं, पंप गुरगुरला, पाणी गेलं. खर्च शून्य. फरशी पुसायला दोन तास.

जाताना काकांनी पेपर घेतला आणि मॅन्युअलही मागितलं. "तपासून देतो. उरलेली पानं राहिलीत."

आता सोसायटीत त्यांचा दवाखाना सुरू झालाय. तिसऱ्या मजल्याचा मिक्सर झाला. काकांनी वाचलं की तळाला लाल बटण असतं, जास्त ताण आला की ते सुटतं, दाबून आत घालायचं. दाबलं, चालू झाला, तिथे त्यांना चकल्या मिळाल्या. काल दुपारी साडेतीनला बेल वाजली. काका दारात, काखेत कोणाच्या तरी गीझरचं पुस्तक.

"चौथ्या मजल्यावर जायचंय. चल."

"मी कशाला, काका?"

"अगं, मी वाचणार. पाणी धरायला नको का कोणी?" जिना चढताना ते वळून म्हणाले, "आणि या वेळी गाऊन बदलून ये."