वेळ सोडून सगळं दाखवणारी घड्याळं

बायकांच्या उंची घड्याळांवर माझा भारी जीव आहे. तक्रार एकच. त्यांच्यात वेळ दिसत नाही.

कार्टिएचं टँक घ्या. 1917 सालचा आराखडा, अजून जुना वाटत नाही. लहान टँकची केस साधारण 29.5 बाय 22 मिलिमीटर. एवढ्याशा जागेत बारा रोमन आकडे, मिनिटांची चौकट, निळे काटे, आणि सातच्या रोमन आकड्याच्या एका तिरक्या रेघेत ‘कार्टिए’ हे नाव. ते वाचायला भिंग लागतं. ज्या वयात हे घड्याळ परवडायला लागतं, त्याच वयात चाळिशी लागते, हा योगायोग कंपनीने विचारात घेतलेला दिसत नाही.

त्यात सेकंदकाटा नाही, म्हणजे घड्याळ चालू आहे की बंद, हे बघून कळत नाही. सेल संपत आला की बऱ्याच क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणाऱ्या, घड्याळांचा सेकंदकाटा एकेक सेकंद न सरकता एकदम चार-पाच सेकंदांची उडी मारून सूचना देतो. काटाच नसेल तर सूचना देणार कोण? दहा वाजून दहा मिनिटं ही वेळ फार छान दिसते, आणि दोन तासांनीही तीच छान दिसत असते. मग निदान एवढं तरी करा: मेलेला सेल लगेच काढून घ्या. तो आत पाझरला की सेलचा प्रश्न संपूर्ण मशीनचा होतो.

हा लपंडाव मुद्दाम केलेला आहे, असा माझा दाट संशय आहे. चारचौघांत बाईने घड्याळ बघणं एकेकाळी असभ्य मानलं जाई, म्हणून तबकडी दागिन्याच्या झाकणाखाली दडवलेली घड्याळं निघाली. जेगर-लकूल्त्रचं 1929 चं कॅलिबर 101 हे मशीन तर जेमतेम एक ग्रॅमचं. चावी बाजूला दिसून शोभा जाऊ नये म्हणून ती पाठीमागे बसवलेली. म्हणजे वेळ लावायची तर आधी घड्याळ काढा! आणि मशीन लहान म्हणजे बॅलन्सचं, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणारं, चाकही लहान, त्यामुळे हाताचा प्रत्येक हिसका त्याला जास्त जाणवतो. इतक्या लहान जिवाकडून सेकंदाचा हिशेब मागू नये. शोपारच्या हॅपी स्पोर्टमध्ये दोन काचांच्या मधे मोकळे हिरे फिरतात. मिनिट बघायला जावं तर एखादा हिरा नेमका काट्यावर येऊन ठाण मांडतो.

खरी परीक्षा मात्र तारीखवाल्या स्वयंचलित, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या, घड्याळाची. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं की चाळीसेक तासांत, म्हणजे रविवारी, ते थांबतं. सोमवारी सकाळी घाईत तारीख पुढे ढकलायचा मोह होतो. तो आवरा. बऱ्याच मशीनांत रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेचे दाते गुंतलेले असतात, तेव्हा जबरदस्ती केली तर दाता मोडतो. आणि थांबलेल्या घड्याळातले दहा सकाळचे की रात्रीचे, हे बारा आकड्यांची तबकडी सांगत नाही. म्हणून घड्याळ हातातून काढा, कारण हातात असताना चावी तिरकी ओढली जाते. चावी आट्यांची असेल तर आधी उलटी फिरवून मोकळी करा. पूर्ण बाहेर ओढून काटे पुढे फिरवा. तारीख बदलली की समजा मध्यरात्र झाली. काटे सहावर आणा, चावी मधल्या टप्प्यावर घ्या, कालची तारीख लावा, पुन्हा पूर्ण ओढून काटे पुढे नेत आजच्या वेळेला आणा. शेवटी हलके दाबून आटे बसवा. ही चावी उघडी राहिली तर पाण्याला आत यायचं आमंत्रणच आहे. एवढं होईतो जिथे वेळेवर पोहोचायचं होतं, तिथे उशीर झालेला असतो.

घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं, तर घड्याळजीआधी पर्सकडे बघा. पर्सच्या झाकणातल्या चुंबकाने हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकींना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते, आणि बॅलन्स घाईघाईने झुलतो. होकायंत्र जवळ धरा; सुई हलली तर चोर सापडला. चुंबकत्व उतरवायला घड्याळजीकडच्या यंत्रावर काही सेकंद पुरतात. रोलेक्सच्या नव्या लेडी-डेटजस्टमध्ये ही स्प्रिंग सिलिकॉनची आहे, त्यामुळे तिला पर्सचं भय नाही.

हिऱ्यांचं कडं मात्र शेजारी घालू नका. सफायरची काच कठीण खरी, पण हिरा तिच्याहून कठीण.

राहिला पट्टा. कड्या काढताना क्लास्पच्या, म्हणजे पट्ट्याच्या खटक्याच्या, दोन्ही बाजूंनी शक्यतो सारख्या काढायला सांगा, नाहीतर क्लास्प मनगटाच्या कडेला येऊन टोचतो. माप घ्यायला दुपार उलटलेली बरी, कारण उन्हात आणि दिवसभरात मनगट थोडं फुगतं. त्या मापाचा पट्टा थंड सकाळी सैल पडतो, घड्याळ गर्रकन आतल्या बाजूला वळतं आणि क्लास्प वर येतो. त्यावरचं कंपनीचं नाव मात्र चष्म्याशिवाय वाचता येतं.