सहीची वही

काल एक बाई ब्लाउज टाकायला आल्या. जाता जाता आवाज खाली आणून म्हणाल्या, "ती कोपऱ्यातली... 'तसल्या' ठिकाणाहून आलीय ना?" सिडकोत एवढंसं दुकान माझं, तीन मशिनी. बातमी कशी पोचते देव जाणे.

हो, आलीय. नाव-गाव विचारू नका.

सुरुवातीला माझंही चुकलंच. मी पगार महिन्याला देते. ती म्हणे, रोज द्या आणि वहीत सही करा. शंभर पानी वही. तारीख, किती ब्लाउज, किती फॉल-पिको, किती रुपये. मी चिडले, "मी काय तुझे पैसे बुडवणार आहे का गं?" ती काही बोलली नाही. वही पुढे धरून उभीच राहिली.

कारण पुढे कितीतरी महिन्यांनी कळलं. ओळखीच्याच माणसाने कामाला लावतो म्हणून नेलं नि विकलं. घरवालीने, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईने, मोजलेली रक्कम हिच्याच डोक्यावर कर्ज म्हणून बसली. वर खोलीचं भाडं, जेवण, साड्या, डॉक्टर. हिशोब सगळा घरवालीच्या तोंडी. वर्षं गेली, कर्ज जिथल्या तिथे. 'मग पळून का नाही गेली' म्हणणाऱ्यांनी हे आधी ऐकावं.

पेपरात आपण 'सुटका' वाचतो. ती म्हणते, "रेड पडली, तेव्हा उचललं." १९५६ च्या पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात कलम १७ आहे. चौकशी करून मॅजिस्ट्रेट सज्ञान बाईलाही एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवू शकतो. त्या संस्थेला लोक म्हणतात सुधारगृह. अहो, सुधारायचं कोणी? विकणारा जामिनावर गावात फिरतोय आणि ही कुलपात! सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान स्त्रियांना असं डांबून ठेवायचा आदेश रद्द केला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना सोडण्याची कार्यवाही करा. हिचे दिवस त्याआधीच भरून झाले होते.

बाहेर आल्यावर खोली. पवननगर, उत्तमनगर पालथं घातलं आम्ही. आधार दाखवलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मिस्टर काय करतात?" चौथ्या घरी मीच खोटं बोलले, माझी मावसबहीण आहे म्हणून.

आणि शिवणकाम संस्थेत शिकवलेलं. सगळ्यांना शिवणच का, कोण जाणे. हिला रिक्षा चालवायची होती. अजून आहे.

त्या बाईंचा ब्लाउज तिनेच शिवलाय. कटोरी, पाठीला नॉट. वहीत चढलाय. माझी सही राहिलीय, ती करते आणि शटर ओढते.