मॉडेल कोणतं?

संत्र्याच्या बगिच्यात मोठा ट्रॅक्टर घालायचा नसतो, हे काटोलकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. झाडं वीस-वीस फुटांवर लावली तरी काही वर्षांत फांद्या पसरून एकमेकींना टेकायला येतात, आणि आंबिया बहाराचं फळ धरलं की आणखी खाली झुकतात. त्यातून पन्नास हॉर्सपॉवरचं धूड गेलं तर तोडणीला वेगळी माणसं सांगावी लागत नाहीत. शिवाय संत्र्याची अन्न घेणारी मुळं अगदी वरच्या थरात असतात. खोल नांगर घातला की झाड गेलं कामातून. म्हणून हलकी वखरणी हवी, वखरणीला बैलजोडी हवी, आणि इथेच गाडं अडतं. हिवाळी अधिवेशनात नागपुरात मंत्रीसुद्धा भेटतो, बैलजोडीवाला भेटत नाही.

तसे नवे मिनी ट्रॅक्टर मिळतात. अठरा-वीस हॉर्सपॉवरचे, अरुंद, बगिच्यासाठीच केलेले. पण मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, नवा कायले घेता? आताचा पत्रा अंगठ्यानं दबते. जुनं लोखंड पाहा." मेव्हण्याचं नागपूरच्या महाल भागात किराण्याचं दुकान आहे. लोखंडाशी त्याचा संबंध वजनमापांपुरता होता, आणि काटा इलेक्ट्रॉनिक झाल्यापासून तोही संपलाय.

जुनं लोखंड सावनेरजवळच्या एका गावात कडूनिंबाखाली उभं होतं. सीटच्या जागी युरियाचं पोतं घडी घालून तारेनं बांधलेलं, स्टिअरिंगला सायकलच्या ट्यूबचे वेढे, मडगार्डवर 'आईचा आशीर्वाद'. बॉनेटवर कंपनीचं नाव असतं तिथे ऑइलपेंटचे इतके हात चढले होते की अक्षरांचे नुसते उंचवटे उरले होते. शेवटचा हात खिडकीच्या गजांतून उरलेल्या निळ्याचा. गज समोरच दिसत होते.

"एका सेल्फमंदी उचलते," मालक म्हणाले, आणि खरंच त्यानं उचललं. मी बॉनेटवर हात ठेवला तर ते आधीच तापलेलं. तसं म्हटल्यावर मालक शांतपणे म्हणाले, "उन्हात उभा हाय नं भाऊ." ट्रॅक्टरवर कडूनिंबाची गच्च सावली होती. मेव्हण्यानं टायरला लाथ मारली, डिपस्टिक काढून तिचा वास घेतला आणि तूप पारखल्यासारखी मान हलवली.

डिझेल इंजिनाचा धूर वाचता येतो म्हणतात. निळा निघाला तर ऑइल जळतंय, काळा निघाला तर डिझेल जास्त होतंय, पांढरा निघाला तर डिझेल नीट जळतच नाही. आमच्यासमोर तिन्ही निघाले. "म्हंजे सबन फंक्शन चालू हायेत," मेव्हणा म्हणाला. भाव ठरला.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण ते अजून थोडक्यात आटोपलेलं नाही. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. कर्ज मालकांच्या वडिलांनी घेतलं आणि फेडलं. ते गेले. मग ती बँकही दुसऱ्या बँकेत विलीन झाली. आता जी बँक उरली आहे, तिथला तरुण साहेब कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ पाहून मला विचारतो, "काका, कर्ज घेतल्याचा काही पुरावा आहे का तुमच्याकडे?"

मिस्त्री काटोल नाक्याचे. शेडमध्ये जागा नव्हती म्हणून ते म्हणाले, "तुमच्याच दारात उभा करा, मी येऊन जाईन." त्यामुळे ट्रॅक्टर आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, दोन स्कूटींच्या मधोमध राहायला आला. मिस्त्री आले, एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "मॉडेल कोणतं हाय?"

हा प्रश्न ज्यानं ऐकला त्याला उत्तर माहीत होतं. दोन सिलिंडर म्हटल्यावर समोरचे रिटायर्ड पोस्टमास्तर म्हणाले, हा १९७१ साली पिंजोरला सुरू झालेला एचएमटीचा झेटर. दूधवाला म्हणाला, स्वराज, मोहालीचा, ७४ सालचा पहिला माल. इस्त्रीवाल्याचं मत आयशर पडलं, कारण १९५९ साली फरिदाबादेहून देशी ट्रॅक्टर पहिल्यांदा त्यांनीच काढला आणि 'हा तेवढाच जुना वाटते'. जुन्या आयशरला एकच सिलिंडर असायचा, हे पोस्टमास्तरांनी लक्षात आणून दिलं. "मंग एक मागून बसवला असन," इस्त्रीवाला म्हणाला आणि शर्टाकडे वळला.

इंजिन उघडल्यावर मिस्त्रींनी निकाल दिला. इंजिन एका कंपनीचं, मागचं हाउसिंग दुसऱ्या, पुढचा एक्सल तिसऱ्या. हायड्रॉलिक लिफ्टबद्दल त्यांनी मत राखून ठेवलं. "हाफ इंजिन कराव लागते," म्हणाले. हाफ इंजिन म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, वॉल्व्ह घासणं असा सगळा पसारा. त्याला हाफ का म्हणतात हे बिल आल्यावरही कळत नाही.

मग सुरू झाल्या स्पेअर पार्टच्या दुकानाच्या वाऱ्या. काउंटरवरचा पोऱ्या वर न पाहता विचारतो, "मॉडेल?" आपण सांगू लागतो की मागचं हाउसिंग असं आहे, एक्सल तसा आहे. तो मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. शेवटी म्हणतो, "नमुना आणा." म्हणजे जुना पार्ट खोलून आणा, आम्ही मापाला माप लावतो. दुकानाजवळ गाडी लावायला जागा नसते, म्हणून मी मेट्रोनं जायचो, पिशवीत नमुने घेऊन.

कनेक्टिंग रॉड मेट्रो स्टेशनच्या स्कॅनरच्या पडद्यावर कसा दिसतो हे सगळ्यांना ठाऊक नसेल. वीतभराहून लांब, एका टोकाला मोठं कडं, दुसऱ्याला लहान. त्याच्या बाजूला लोकमतात गुंडाळलेली, इंजिनात डिझेल फवारणारी दोन नोझलं, बोटाएवढी, टोकाला निमुळती. पट्टा थांबला. मशीनवरच्या बाईनं शिपायाला हाक मारली, शिपायानं साहेबाला. माझ्यामागे कॉलेजची पोरं होती. ती आधी एक पाऊल मागे सरकली आणि मग मोबाइल काढून पुढे आली.

"ये क्या है, अंकल?"

"कनेक्टिंग रॉड. ट्रॅक्टरचा."

साहेबांनी रॉड हातात घेतला, लहान कड्यात बोट घालून फिरवलं आणि चेहरा बदलला. "बुश घिसा है," म्हणाले. गावाकडे त्यांचीही शेती होती. मग नोझलं उघडली गेली. नुसती साफ करून भागणार नाही, पंप आणि नोझल एकाच बेंचवर दाखवा, नाहीतर पैसे दोनदा जातील, असं त्यांनी बजावलं. पंपवाला कोण चांगला, हेही सांगितलं. सगळं आटोपल्यावर त्यांना एकच शंका उरली.

"मॉडल कौन सा है?"

मेट्रोच्या साहेबाचं निदान मिस्त्रींच्या निदानापेक्षा स्वस्त पडलं, हे मात्र खरं.

हे सगळं मे महिन्यात. नागपूरचा मे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, २०१३ च्या २३ मे रोजी इथे ४७.९ अंश नोंदले गेले. २०२४ च्या मेअखेरीस तर एका स्वयंचलित यंत्रानं ५६ दाखवले. पुढे तो सेन्सरचा दोष निघाला, पण त्या दिवशी नागपुरात कुणाला तो आकडा खोटा वाटला नव्हता. मिस्त्री दुपारी बारा ते पाच पान्याला हात लावत नसत, कारण पाना हातात धरवतच नाही. त्या वेळात ते आमच्या कूलरसमोर लवंडत आणि उठल्यावर चहाबरोबर कारणं सांगत. रेडिएटर गळत होता, त्यात त्यांनी हळद टाकायला लावली. हा जुना इलाज आहे. हळद पाण्याबरोबर फिरून बारीक भोकात जाऊन बसते. टाकीच्या चिरेवर कपड्याचा साबण घासला, डिझेलला साबण विरघळत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, पोह्यात हळद घालू की तेवढी ट्रॅक्टरला लागणार आहे?"

इंजिन बसलं, सेल्फ मारला, फिरलं, पेटलं नाही. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली होती. या कामात मिस्त्रींचा हात पाहण्यासारखा. फिल्टरवरचा बारका स्क्रू त्यांनी दोन आटे ढिला केला आणि अंगठ्यानं हातपंप दाबू लागले. आधी नुसती फुसफुस. मग साबणासारखा पांढुरका फेस. मग डिझेल, पण मध्येमध्ये बुडबुडे. मिस्त्री बोलत नव्हते, पोस्टमास्तरसुद्धा गप्प. बुडबुडे विरळ होत गेले आणि एकदम काचेसारखी अखंड धार लागली. त्या धारेतच त्यांनी स्क्रू आवळला. जुन्या यंत्रावर जीव जडतो तो यामुळेच. बिघाड डोळ्यांना दिसतो, आणि गेला तर जाताना दिसतो. सेल्फ मारला. इंजिन दोनदा खाकरलं आणि असं धडधडायला लागलं की चार घरांपलीकडच्या कारचा सायरन वाजला. मेव्हण्यानं दुकानातला नारळ फोडला.

ट्रॅक्टर बगिच्यात पोचला. पहिली ओळ सुरेख वखरली गेली. दुसऱ्या ओळीच्या टोकाला मी ब्रेक दाबला. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडलं असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. जागेवर वळायला एकेक दाबता येतं, एरवी दोन्ही खिटीनं जोडून ठेवायची. मी जोडलेली होती. पण धरलं फक्त डाव्यानं. ट्रॅक्टर शिस्तीत डावीकडे वळला आणि सासऱ्यांनी लावलेल्या झाडाच्या बुंध्याला घासून थांबला.

संत्र्याच्या बुंध्याची साल सोलली की डिंक्या रोग शिरायला वाट मिळते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी असं बोर्डोमलम लावून घेतलं. हात निळे असतानाच, मोबाइल खांद्यात धरून मिस्त्रींना सांगितलं की उजवा ब्रेक लागत नाही.

"ब्रेकचं तुम्ही बोलले कुठी होते? इंजिन चालू करून द्या म्हटलं, करून देलं," मिस्त्री म्हणाले. "टेन्शन नका घेऊ. लायनिंग आणून ठेवा, रविवारी येऊन टाकून देतो. मॉडेल तं माहीत हाय नं तुमाले?"