ज्यांच्याकडे दोर, त्यांचाच कडा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून उत्तर द्यायला चार दिवस लावले.

बाकीच्यांसाठी संदर्भ सांगतो. मागच्या लेखात मी अमेरिकेतल्या संरक्षित सरकारी जमिनींवरच्या कातळचढाईबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी वाचकांना हरकती-सूचना पाठवायला सांगितलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं: बोल्टबंदीचा (बोल्ट म्हणजे दोर अडकवायला कातळात कायमचा बसवलेला खिळा) मी बागुलबुवा केला, राखलेल्या रानात खिळे ठोकायची मुभा मागणं हा हावरटपणा आहे, आणि हरकती मागवणं हा निव्वळ देखावा आहे, कारण ससाण्याला फॉर्म भरता येत नाही, ‘ज्यांच्याकडे दोर आहे तेच लिहिणार’.

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही मला बरोबर पकडलंत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा आणि वनसेवा या दोघांनी जे मसुदे काढले, त्यांत सरसकट बंदी नव्हती. १९६४ चा वाइल्डरनेस कायदा अशा राखलेल्या रानात (म्हणजे ‘वाइल्डरनेस’मध्ये) मोटरवर चालणारी अवजारं, बांधकामं आणि ‘इन्स्टॉलेशन’ (कायमच्या बसवलेल्या वस्तू) यांना मनाई करतो. कातळात बसवलेला बोल्ट हा ‘इन्स्टॉलेशन’ धरावा, आणि तो खरंच लागतो का हे प्रत्येक वेळी तपासून अपवाद करावा, असं त्या मसुद्यांचं म्हणणं होतं. मी ‘बंदी’ लिहून मोकळा झालो. लेखात दुरुस्ती केली आहे.

तरीही तपासणीची ती अट मला का खटकली, ते सांगतो. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या एल कॅपिटन या कड्यावरचा ‘नोज’ हा मार्ग पहिल्यांदा चढला गेला १९५८ साली, म्हणजे कायद्याच्या सहा वर्षं आधी. तिथले बोल्ट पुढच्या लोकांनी बदलत नेले म्हणून आज ते भरवशाचे आहेत. जुना पाव इंची बोल्ट कधी जवळून पाहिलाय? दोर अडकवायच्या त्याच्या पत्र्याला अंगठा लावला की पत्रा हलतो, आणि खाली कातळावर गंजाचा तपकिरी ओघळ उतरलेला असतो. असा बोल्ट बदलायला आधी कागदपत्रं आणि मग महिनोन्‌महिने वाट पाहणं आलं, तर मधल्या काळात लोक त्याच बोल्टला लटकणार.

आता हावरटपणाबद्दल. दोन वर्षांपूर्वी एका कड्याच्या माथ्यावर पोचलो, तर उतरायला एकच जागा होती, एक पाइनचं झाड. त्याच्या बुंध्याला, दोर ओवून उतरण्यासाठी बांधलेल्या पट्ट्यांचा गुंता होता. जांभळ्या, पिवळ्या, उन्हाने पांढुरक्या पडलेल्या. जुनीवर कुणाचा भरवसा नाही म्हणून आलेला प्रत्येकजण स्वतःची नवी पट्टी बांधून गेलेला. मी अकरा मोजल्या. त्याखाली साल घासून लाकूड उघडं पडलं होतं, आणि मुळांवरची माती पायांनी निघून गेलेली. बारावी पट्टी माझी. त्या झाडाशेजारी कातळात दोन बोल्ट असते, तर झाडाला कुणी हात लावला नसता. शिवाय वाइल्डरनेसमध्ये मोटरचं ड्रिल चालत नाही, भोक हातानेच पाडावं लागतं. डाव्या हातात छिन्नीसारखं ड्रिल, उजव्यात हातोडा. प्रत्येक घावानंतर ड्रिल थोडं फिरवायचं, मधेमधे नळीने भुकटी फुंकायची. ग्रॅनाइटमध्ये एका भोकाला अर्धा-पाऊण तास सहज जातो, त्यामुळे हौसेने कुणी भोकं पाडत सुटत नाही.

हो, दर दोन हातांवर बोल्ट मारून केलेले मार्ग रानात नकोतच. उद्यान सेवेचा २०१३ चा आदेशही तेच सांगतो: क्वचित कुठे अँकर (बोल्टसारखा कायमचा आधार) चालेल, नव्यासाठी परवानगी घ्या, बोल्टांची रांग मात्र रानाशी विसंगत. माझी मागणी याहून फार वेगळी नाही.

उरला देखावा. इथे तुमचं निम्मं पटतं. चढाई करणारे संघटित आहेत; ॲक्सेस फंड ही त्यांची संस्था १९९१ पासून हेच काम करते. एक ईमेल फिरला की हजारो पत्रं जातात. त्या गठ्ठ्यात माझंही एक होतं, तयार मजकूर, खाली माझं नाव, दोन मिनिटांत काम फत्ते. पण हरकती म्हणजे मतदान नव्हे. तोच मजकूर हजार वेळा आला तरी मुद्दा एकच धरला जातो. आराखडा करणाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं ते नेमक्या गोष्टीला: अमुक कड्याच्या या बाजूला घरटं आहे, तमुक पायवाट ओढ्यात ढासळते आहे. दुसऱ्या खेपेला मी फोटोसकट त्या पाइनबद्दल लिहिलं. (आणि व्हिसावर राहणाऱ्याने यात पडू नये, हा तुमचा टोमणा चुकीचा आहे. हरकत नोंदवायला नागरिकत्व लागत नाही.)

ससाण्याचं म्हणाल, तर त्याच्या बाजूने जीवशास्त्रज्ञ लिहितात. योसेमिटीत पेरेग्रिन ससाण्याच्या विणीच्या हंगामात ठरावीक कडे दरवर्षी बंद असतात. डीडीटीमुळे तो पक्षी अमेरिकेतून जवळजवळ गेलाच होता. १९९९ मध्ये तो धोक्यातल्या यादीतून बाहेर आला. त्या बंदीवर आम्ही कुरकुरतो, पण पाळतो.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘नाही’ म्हटलं तर ऐकाल का? वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवरचं उदाहरण घ्या. लाकोटा आणि इतर आदिवासी समाजांसाठी तो पवित्र आहे. १९९५ पासून जून महिन्यात तिथे चढू नका अशी विनंती आहे, सक्ती नाही. बहुसंख्य चढणारे ती पाळतात, काही पाळत नाहीत. त्या काहींबद्दल माझ्याकडे सबब नाही. टाहो सरोवराकाठच्या केव्ह रॉकवर मात्र वाशो लोकांच्या श्रद्धास्थानासाठी सरळ बंदीच झाली. ॲक्सेस फंड कोर्टात गेला आणि २००७ मध्ये हरला. तो खटला लढायलाच नको होता, असं मला आज वाटतं. हे लिहिल्यावर माझेच दोस्त मला झोडपतील, ते वेगळं.

जानेवारी २०२५ च्या कायद्याने वाइल्डरनेसमधल्या चढाईला आणि अँकरना मान्यता दिली, पण नियमावली पक्की करण्याआधी लोकांचं म्हणणं घ्या, असंही त्यातच आहे. शिवाय उद्यानं आपापले आराखडे करतात ते वेगळेच. पुढचा एखादा हरकतींसाठी खुला झाला की इथे तारीख टाकतो. तुम्ही माझ्या विरोधात लिहिलंत तरी चालेल, फक्त कड्याचं नाव आणि तिथे काय बिघडलंय ते घाला.