हळदीचा डाग आणि एन्झाइमवरचा आळ

"एन्झाइमवाली पावडर म्हणजे टीव्हीवाल्यांची थाप. डाग खाते, मग कापडही खाणारच! फुप्फुसांची वाट लावते ती वेगळीच. आणि हळदीचा डाग तरी निघतो का? त्यापेक्षा कपडे उकळत्या पाण्यात भिजवा." हा मजकूर मला आतापर्यंत तीन ग्रुपांवर आला. चौथ्यांदा यायच्या आत उत्तर देऊन टाकतो.

टीव्हीचं आधी. धुण्यासाठी जनावरांच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम, म्हणजे अन्न पचवणारं द्रव्य, वापरायचं पेटंट जर्मनीतल्या ओटो रोम यांनी १९१३ साली घेतलं. 'बुर्नुस' नावाने ते विकायलाही आलं. तेव्हा टीव्ही कुठला? अडचण एकच होती, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात त्याचा जोर टिकत नसे. सोड्याला पुरून उरणारं, जिवाणूंपासून काढलेलं एन्झाइम १९५९ साली स्वित्झर्लंडच्या 'बायो ४०' या पावडरीत आलं. साठीच्या दशकाअखेर अमेरिकेत 'ॲक्सिऑन' आणि 'बिझ' या खास कपडे भिजवायच्या पावडरी निघाल्या. एन्झाइमला वेळ द्यावा लागतो, म्हणून भिजवायचं.

कापड खाण्याबद्दल. यातलं मुख्य एन्झाइम प्रोटिएज. ते फक्त प्रथिनं तोडतं, म्हणजे रक्त, दूध, अंडं. सुती कापड सेल्युलोजचं, त्याला ते शिवतही नाही. काही पावडरींत सेल्युलोज तोडणारं सेल्युलेज असतं खरं, पण ते कापडावरची लव काढण्यापुरतं. रेशीम आणि लोकर मात्र प्रथिनंच! पैठणी त्यात भिजवू नका, एवढं लिहिलं असतं तर मीच तो मजकूर पुढे पाठवला असता.

फुप्फुसांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण ते कारखान्यातलं. १९६९ साली ब्रिटनमध्ये एन्झाइमची भुकटी हाताळणाऱ्या कामगारांना दम्यासारखा त्रास होत असल्याचं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यानंतर एन्झाइमचे दाणे करून त्यांवर आवरण चढवायला लागले, म्हणजे भुकटी उडत नाही.

उकळत्या पाण्याचा सल्ला सगळ्यात महागात पडणारा. अंडं उकडल्यावर काय होतं? रक्ताचंही तेच. लेकाच्या शाळेच्या शर्टावरचं रक्त मी एकदा कढत पाण्यात घातलं. मधला भाग निघाला, पण तपकिरी कड शर्ट फाटेपर्यंत तशीच राहिली. आधी गार पाणी, मग कोमट पाण्यात पावडर. कढत पाण्यात एन्झाइमही निकामी होतं.

राहिली हळद. ती प्रथिन नाही, रंग आहे, त्यामुळे प्रोटिएजचा तिच्याशी संबंधच नाही. साबण लागला की डाग लाल होतो आणि आपण घाबरतो. पांढरा शर्ट धुऊन, डाग वरच्या बाजूला ठेवून कडक उन्हात टाका. संध्याकाळी दोरीवरून काढताना डाग चांगलाच फिकटलेला दिसेल.