जिद्द खाशाबांची, पण ७,००० रुपये कुणाचे?

नमस्कार,

ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या पैलवान खाशाबा जाधवांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की यश म्हणजे जिद्द आणि घाम, बाकी सगळ्या सबबी. गहाण घर आणि लोकवर्गणी उगाळून मी खाशाबांना लहान केलं, आणि तालमीत जाणाऱ्या तुमच्या मुलानं हे वाचलं तर तो हातपाय गाळेल. शेवटी 'तुम्ही कधी लंगोट कसलाय का?' असंही विचारलंय.

कसलाय. दोन वर्षं. त्याचं पुढे सांगतो.

आधी तुमचं जिथं बरोबर आहे ते. 'पैशाशिवाय यश नाही' हे माझं वाक्य ढिलं होतं, आज बदललंय. मातीत घडलेला हा गडी मॅटची फारशी सवय नसताना १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला सहावा आला आणि चार वर्षांनी वरच्या वजनगटात उतरून हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. हे कुणाच्या पैशानं होत नाही, मान्य.

पण लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. हेलसिंकीच्या वेळी गावानं वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खरडीकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. १९५२ चे ७,००० बरं का! पदक आल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत निघालेली बैलगाड्यांची मिरवणूक सगळेच रंगवून सांगतात. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचा फड भरवला आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं, हे मात्र दोन ओळींत उरकतात. ऑलिंपिकचं पदक मिळवलेला पैलवान परत येऊन आधी देणं फेडायला लंगोट बांधतो! माणसानं स्वतः जे देणं लक्षात ठेवलं, ते त्याच्या गोष्टीतून आपण का पुसायचं? त्यानं ते लहान होतात, हे मला अजून पटलेलं नाही.

दुसरं. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरकडचेच के. डी. माणगावे दुसऱ्या वजनगटात चौथे आले. एका पायरीनं पदक हुकलं. यश जर नुसत्या जिद्दीनं मोजायचं, तर माणगावेंची जिद्द पायरीभर कमी होती असं म्हणावं लागेल. तुम्ही म्हणाल? मी नाही म्हणणार.

आता माझं. तालमीत माझा जोडीदार माझ्यापेक्षा कितीतरी उजवा होता. पहाटे चारला उठून जोर काढायचा, ढाक हा डाव असा लावायचा की आपण आभाळ बघतोय हे उशिरा कळायचं. एका वर्षी त्यांच्या घरचं उसाचं बिल थकलं. आधी बदाम बंद झाले, मग तूप, मग तोच यायचा बंद झाला. आज टेम्पो चालवतो. मीही तालीम सोडली, पण मला कुस्ती जमतच नव्हती म्हणून. लांबून बघणाऱ्याला दोघांचं एकच दिसतं, 'टिकले नाहीत'. त्याला जिद्द कमी पडली असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं, आणि लेखातला सूर तिथून आला असेल.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं उदाहरण तुम्हीच दिलंत, छान झालं. २०२४ मध्ये पॅरिसला त्यानं नेमबाजीत कांस्य मिळवलं, खाशाबांनंतर वैयक्तिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा पहिलाच, तब्बल ७२ वर्षांनी. पण त्याच्यामागे सरकारी क्रीडा प्रबोधिनी होती, रेल्वेची नोकरी होती. मधल्या ७२ वर्षांत आपल्याकडे जिद्दी पोरं जन्मलीच नाहीत का?

पोलीस खात्यातल्या खाशाबांच्या उपेक्षेला तुम्ही 'रडगाणं' म्हणालात. त्यावर वाद घालत नाही. १९८४ ला ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एवढं नोंदवतो.

माणगावेंविषयी कुणाकडे जुनी कात्रणं असतील तर जरूर कळवा, त्यांच्यावर लिहायचं मनात आहे. आणि तुमचा मुलगा कुठल्या वजनगटात खेळतो? महिन्याचा खुराक किती होतो आणि तो कोण भरतं, तेही लिहा.