'सौम्य' कशाला म्हणायचं?

मेंदूतली बारीक रक्तवाहिनी बंद पडून येणारा पक्षाघाताचा झटका 'सौम्य' असतो, हे तुमच्याकडच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. त्यात मेंदूचा मेलेला भाग दीड सेंटीमीटरपेक्षा लहान असतो हे खरं, पण तो कुठे आहे ते बघा ना! इंटर्नल कॅप्सूल म्हणजे मेंदूच्या आत खोलवर असलेला मज्जातंतूंचा पट्टा; त्यात हातापायांकडे जाणारे तंतू इतक्या दाटीने एकत्र येतात की तेवढ्यानेही अख्खी एक बाजू लुळी पडू शकते. माझ्या सासूबाईंचं बोलणं स्वच्छ होतं, त्या पूर्ण शुद्धीवर होत्या, फक्त उजव्या हाताने ब्लाउजचं हूक लागेना. सीटी स्कॅन नॉर्मल म्हणून घरी पाठवलं, नंतर एमआरआयमध्ये ठिपका दिसला. सुरुवातीच्या तासांत सीटीवर असे झटके बरेचदा दिसतच नाहीत, आणि रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लेखात हे यायलाच हवं होतं.

रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नये, हे मात्र लेखकाने लिहिलंय ते अगदी खरं. 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद करणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. असे झटके नकळतही येतात. ते साचत गेले की पावलं घासत पडतात, हिशोब जमेनासा होतो, आणि घरचे 'वय झालं' म्हणून सोडून देतात.